घरातले माणूस जेलमध्ये असेल तेव्हा



या पानावर आम्ही आजवर ज्येष्ठांच्या ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र अशा विषयांवर लिहिले. आजचा विषय आपल्या घरांतून मोठ्याने बोलला जात नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सख्ख्या भाच्याला अटक झाली आणि तो ३९ दिवस वडोदरा मध्यवर्ती कारागृहात होता. त्या दिवसांत आम्ही ज्या चुका केल्या त्या दुसऱ्या कोणी करू नयेत, म्हणून ताईच्या आणि भाच्याच्या संमतीने, नावे न देता, हे लिहीत आहोत. आम्ही वकील नाही. पस्तीस वर्षे बँकेत कागद तपासण्यात गेली, एवढीच आमची पात्रता. प्रत्येक खटला वेगळा असतो, त्यामुळे शेवटचा सल्ला आपल्या वकिलाचाच घ्यावा.

आमचे प्रकरण थोडक्यात सांगतो. भाच्याचा भागीदारीत धंदा होता. हिशेबावरून वाद झाला आणि भागीदाराने विश्वासघाताची व फसवणुकीची फरियाद केली. पोलिसांनी आधी हजर राहण्याची नोटीस पाठवली होती. घरी कळले तर काय, म्हणून मुलाने ती नोटीस टेबलाच्या खणात ठेवून दिली. दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी संध्याकाळी, अटक झाली. अटक झाल्यावर ताईने ती आमच्यापासूनही शनिवार दुपारपर्यंत लपवली. पुढे आम्ही सगळ्यांनी मिळून ती सगळ्या दांडिया बाजारापासून लपवली. या लपवाछपवीची किंमत किती झाली, ते पुढे येईलच.

अटक म्हणजे शिक्षा नव्हे

पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी. ज्याचा खटला अजून चालायचा आहे असा माणूस कायद्याच्या दृष्टीने निर्दोषच असतो. गुजरातीत त्याला ‘काचा कामनो केदी’ म्हणतात, मराठीत कच्चा कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांपैकी तिघांचा निकाल लागलेला नव्हता.

आपल्याच पेठेतले उदाहरण घ्या. श्री अरविंद निवासावरून आपण रोज जातो. बडोद्यात १८९३ ते १९०६ राहिलेले हे प्राध्यापक अरविंद घोष मे १९०८ मध्ये कोलकात्यात पकडले गेले आणि वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात कच्चे कैदी म्हणून राहिले. ६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले. त्या वर्षात घरच्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. बहीण सरोजिनी हिने बचावाच्या खर्चासाठी लोकांना उघड आवाहन केले. घरून कपडे आणि पुस्तके गेली. जमलेला पैसा संपत आला तेव्हा चित्तरंजन दास यांनी खटला हाती घेतला. आपली प्रकरणे त्या तोलाची नसतात, हे खरेच. पण घरच्यांची कामे तीच असतात: वकील, पैसा, कपडे, पुस्तके, आणि चार माणसांना सांगण्याची हिंमत.

नोटीस आली तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली दिलेली कलमे या नव्या संहितेची आहेत.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांना लिहावी लागतात. एरवी कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात हे स्पष्ट केले. नोटीस पाळली, बोलावले तेव्हा गेले, तर सहसा अटक होत नाही. मात्र नोटीस पाळली नाही, तर तेच अटकेचे कारण होऊ शकते. आमच्या भाच्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. म्हणून नोटीस आली की त्याच दिवशी वकिलाला दाखवावी, तिची प्रत काढावी आणि दिलेल्या तारखेला हजर राहून तसा पुरावा ठेवावा. अटकेची भीती खरीच असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज करता येतो.

ज्येष्ठांसाठी एक खास तरतूद याच कलमात आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती साठ वर्षांवरील किंवा अशक्त असेल, तर पोलीस उपअधीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. स्त्रियांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाल्यास महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

पहिले चोवीस तास

अटक झाल्याचा फोन आला की आधी एक वही काढावी. हसू येईल, पण आमचे पहिले चार दिवस वही नसल्यामुळे वाया गेले. प्रत्येक जण वेगवेगळे ऐकून येत होता. वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात:

१. कोणत्या पोलीस स्टेशनने अटक केली, तारीख आणि वेळ.
२. फरियादीचा, म्हणजे एफआयआरचा, क्रमांक आणि लावलेली कलमे.
३. तपास अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा.
४. गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र.
५. कोर्टात कधी आणि कोठे हजर करणार.

हे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. अटकेची कारणे सांगणे, घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी एकाला कळवणे, अटकेचा लेखी मेमो करून त्यावर साक्षीदाराची सही घेणे, वैद्यकीय तपासणी करणे, हे सारे पोलिसांवर बंधनकारक आहे. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यांतले बरेच नियम घालून दिले आणि आता ते संहितेतच आहेत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे आवश्यक आहे. सुट्टीच्या दिवशीही हा नियम लागू असतो. चौकशीच्या काळात, पूर्ण वेळ नसले तरी, आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क आरोपीला असतो.

संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो. आपल्याकडे तो गुजरातीत असतो. मदतीला पुण्या-मुंबईहून भाऊ-मेव्हणे आले, तर त्यांना तो वाचून दाखवायला गुजराती वाचणारे कोणी बरोबर द्यावे. आमच्या मेव्हण्यांनी दोन दिवस पुण्याच्या ओळखीच्या वकिलाला फोनवर अंदाजाने कलमे सांगितली आणि तिकडून उत्तरेही अंदाजानेच आली.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस स्टेशनवरही मिळतो. जामीनदार मिळत नसेल आणि एक आठवडा गेला, तर त्या व्यक्तीला निर्धन समजून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, असे कलम ४७८ सांगते.

आणखी एक गोष्ट. जुन्या माणसांचे पाय अजून न्यायमंदिराकडे वळतात. जिल्हा न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेले आहे. शनिवारी सकाळी आमचे एक वडीलधारे न्यायमंदिरासमोर अर्धा तास उभे होते.

वकील आधी, वशिला नंतर किंवा नाहीच

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. पहिले नऊ दिवस आम्ही ओळखी शोधत होतो. कोणाचा साडू खात्यात, कोणाचे व्याही राजकारणात. प्रत्येक जण ‘बघतो’ म्हणाला. एका मध्यस्थाने ‘काम होऊन जाईल’ म्हणून पंचवीस हजार घेतले आणि पुन्हा फोन उचलला नाही. त्या नऊ दिवसांत वकीलपत्रावर सहीसुद्धा झालेली नव्हती. ‘मोठा वकील करायचा तर लोकांना कळेल’ हीही एक भीती होती.

वकील निवडताना फौजदारी काम नियमित करणारा पाहावा. घराच्या दस्ताचे काम चोख करणारा वकील इथे उपयोगी पडेलच असे नाही. फी किती, कोणत्या टप्प्यापर्यंत, वरच्या कोर्टात गेल्यास वेगळी की नाही, हे आधी विचारावे आणि पावती मागावी. आरोपी जेलमध्ये गेल्यावर वकीलपत्रावरची त्याची सही जेल अधिकाऱ्यांमार्फत होऊन येते, त्यात एक-दोन दिवस जातात. तेवढा वेळ धरून चालावे.

खासगी वकील परवडत नसेल तर लाजू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा, किंवा आतल्या माणसाने जेलमधूनच करावा. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. ‘फुकटचा वकील कसला’ असे आम्हीही म्हणायचो. आता म्हणत नाही. नऊ दिवस कोणताच वकील नसण्यापेक्षा पहिल्या दिवशी मिळालेला मोफत वकील केव्हाही बरा.

दोन प्रकारची कोठडी आणि दिवसांचा हिशेब

पोलीस कोठडी, म्हणजे आपण ‘रिमांड’ म्हणतो ती, तपासासाठी असते. ती एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. नव्या संहितेत हे पंधरा दिवस सलग नसले तरी चालतात. त्यानंतर किंवा त्याऐवजी न्यायालयीन कोठडी असते, म्हणजे माणूस जेलमध्ये जातो.

आता बँकवाल्याच्या आवडीचा भाग, म्हणजे तारखा. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षा आहे, त्यात ९० दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले पाहिजे. झाले नाही तर आरोपी जामिनाचा हक्कदार होतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो आरोपपत्र येण्यापूर्वी. उशीर केला तर हक्क जातो. आपण मुदतठेवीची तारीख लिहून ठेवतो, तशी ही तारीख लिहून ठेवावी आणि आठवडाभर आधी वकिलाला आठवण करावी.

खटला लांबला तर कलम ४७९ पाहावे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, आणि इतरांनी निम्मा काळ, कच्चा कैदी म्हणून काढला असेल तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. जेल अधीक्षकांनीच कोर्टाकडे तसा अर्ज करायचा असतो. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही.

अजामीनपात्र गुन्ह्यात आधी दंडाधिकारी, मग सत्र न्यायालय, मग अहमदाबादला उच्च न्यायालय, असा क्रम असतो. खालच्या कोर्टात अर्ज नाकारला गेला म्हणजे सगळे संपले असे नाही. आमचाही पहिला अर्ज नामंजूर झाला आणि सत्र न्यायालयात मंजूर झाला. स्त्री, आजारी किंवा अशक्त व्यक्तीचा वेगळा विचार करता येतो, त्यासाठी वैद्यकीय कागद अर्जाला जोडावेत.

खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलाला रोज फोन करून त्रास देण्यापेक्षा हे सोपे.

भेट, डबा, औषधे

जेलच्या भेटीला आपण ‘मुलाकात’ म्हणतो. जाण्यापूर्वी दिवस, वेळ आणि एका वेळी किती जण, हे चौकशीला विचारून घ्यावे. नियम बदलत असतात. ओळखपत्र मूळ न्यावे, प्रतही ठेवावी. जे राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर नोंदणी करतात त्यांना ई-मुलाकात, म्हणजे व्हिडिओवरून भेट, मिळू शकते. पुण्यातल्या आजीसाठी किंवा परदेशातल्या भावासाठी ही मोठी सोय आहे.

भेटीत खटल्यातल्या गोष्टी बोलू नयेत. कोणी काय केले, कोणता कागद कोठे आहे, हे वकिलाजवळच बोलावे, कारण वकिलाशी खासगीत बोलण्याचा आरोपीला हक्क आहे आणि आपल्याला तसा नाही. आपण घरचे बोलावे. ताई पहिल्या भेटीत नुसती रडली आणि वेळ संपली. भाचा नंतर म्हणाला, “त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं आता आईला काहीतरी होईल.” पुढच्या वेळी ती ठरवून गेली. आंब्याच्या लोणच्याची बरणी भरली, शेजारच्या मांजरीला पिल्ले झाली, बाबांची साखर आता ताब्यात आहे, असे सांगून आली. त्या दिवशी मुलगा हसला.

१८९४ च्या कारागृह कायद्यापासून कच्च्या कैद्याला घरचे कपडे, अंथरूण आणि अन्न परवानगीने घेता येण्याची तरतूद आहे. घरचा डबा हवा असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडे अर्ज करावा. मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी तपासणी होऊनच आत जातो. कोणतीही वस्तू चोरून देण्याचा विचारही करू नये. मोबाईल, तंबाखूची पुडी, रोख नोटा, काहीच नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचा फटका आतल्या माणसाच्या जामिनाला बसतो. कॅन्टीनसाठी कैद्याच्या नावे रीतसर पैसे जमा करता येतात. त्याला मर्यादा असते, पावती घ्यावी.

रक्तदाब, मधुमेह, दमा, मानसिक आजार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची यादी कोर्टात व जेल अधीक्षकांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. माणूस खचलेला वाटत असेल, ‘आता जगून काय’ असे बोलत असेल, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवावे. इथे संकोच अजिबात करू नये.

जामीन मंजूर झाला, पण सुटका?

आम्हाला वाटले, बुधवारी हुकूम झाला म्हणजे गुरुवारी मुलगा घरी. तो आला पुढच्या मंगळवारी. हे सहा दिवस आमच्याच तयारीअभावी गेले.

जामीनदार म्हणजे बँकेतला हमीदारच समजा. कर्जदाराने हप्ता थकवला तर हमीदार अडकतो. आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर जामीनदाराच्या बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून जामीनदाराला ही जबाबदारी आधी नीट समजावून सांगावी. सहीपुरते ये, असे म्हणून कोणाला नेऊ नये.

साधारणपणे जामीनदाराचे ओळखपत्र, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि ऐपतीचा पुरावा लागतो: घराचे कागद आणि वेरा पावती, शेतीचा सातबारा, मुदतठेवीची पावती, पगाराची पावती, कधी मामलतदाराचा सॉल्व्हन्सी दाखला. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना सांगावे की त्यांचे तहसीलदार म्हणजे आपले मामलतदार. आमच्या जामीनदाराची वेरा पावती अजून त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावे होती, तिथे आमचे दोन दिवस गेले आणि मधे शनिवार-रविवार आला. आपल्या कित्येकांच्या पोळातल्या घरांची हीच स्थिती आहे. अटक-बिटक नको, पण एवढ्यासाठी तरी वारसाची नोंद करून घ्या.

बाहेरगावचा जामीनदार चालत नाही, असे आम्हाला जो तो सांगत होता. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न होता. मोतीराम हा मध्य प्रदेशातला गवंडी. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवले. केवळ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येत नाही. आपले निम्मे नातलग महाराष्ट्रात असतात, म्हणून हे लक्षात ठेवावे. मात्र पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा स्थानिक जामीनदार मिळत असेल तर काम लवकर होते. आमच्या बाबतीत शेवटी बँकेतला जुना सहकारी उभा राहिला. त्याला विचारायला आम्ही पाच आठवडे लाजलो होतो. तो म्हणाला, “आधी का नाही बोललास?”

जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसेल तरी मार्ग आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सूचना दिल्या आहेत. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेलला ई-मेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अटी सौम्य करण्याचा विचार करू शकते. शिवाय २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. तीत जिल्हा समितीमार्फत कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक मदत होऊ शकते. प्राधिकरणाच्या कचेरीत याविषयी विचारावे.

सुटकेनंतर हुकमातल्या अटी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावाव्यात: पासपोर्ट जमा, राज्याबाहेर जाण्यास परवानगी, पोलीस स्टेशनची हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. पुण्याला मामेभावाच्या लग्नाला जायचे असेल तरी आधी परवानगी काढावी. एका चुकीने जामीन रद्द होऊ शकतो.

घरचे आर्थिक व्यवहार

इथे आम्ही अधिकाराने बोलू शकतो. कमावता माणूस आत गेला की तिसऱ्या आठवड्यात पैशाची अडचण सुरू होते.

नॉमिनी आहे म्हणून खात्यातून पैसे मिळत नाहीत. नॉमिनेशन मृत्यूनंतर लागू होते, कोठडीतल्या खातेदाराला नाही. खाते संयुक्त आणि ‘दोघांपैकी कोणीही’ असे असेल तर दुसरा खातेदार व्यवहार करू शकतो. खाते एकट्याचे असेल तर जेल अधिकाऱ्यांमार्फत सही झालेला चेक किंवा वकिलाने तयार केलेले मुखत्यारपत्र, हा रीतसर मार्ग. त्याचे एटीएम कार्ड आणि पिन वापरून पैसे काढू नका. आर्थिक गुन्ह्याचा तपास चालू असताना प्रत्येक व्यवहार तपासला जातो. खातेच गोठवले असेल तर कोर्टाच्या हुकमाशिवाय काही होत नाही.

कर्जाचा हप्ता थकू देऊ नका. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादित होते. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. शाखाधिकाऱ्याला खरे कारण सांगावे, तो रोज याहून अवघड कारणे ऐकत असतो. आयुर्विम्याच्या हप्त्याला मासिक असेल तर १५ आणि एरवी ३० दिवसांची सवलत असते. वकिलाच्या फीसाठी खासगी सावकाराकडे जाऊ नये. ठेवीवर किंवा सोन्यावर बँकेतून कर्ज घेतलेले परवडते. केंद्र सरकारचा नोकर ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो, पण त्या काळात निर्वाह भत्त्याचा हक्क असतो. इतर नोकऱ्यांत आपापले सेवानियम पाहावेत.

आणि सावधगिरी. ‘तुमचा मुलगा पकडला गेलाय, ताबडतोब पैसे पाठवा’ असे फोन हल्ली येतात. कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी अटक कायद्यात नाही आणि पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. आधी मुलाला फोन लावा, मग पोलीस स्टेशनला. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

शेवटचे, पण आमच्या मते पहिले

आपले जेल सयाजी रुग्णालयाच्याच रस्त्यावर आहे. ताई भेटीला निघाली की शेजारी सांगायची, “सयाजीत जाऊन येते, ओळखीचं कोणी दाखल आहे.” हातात थर्मास धरायची. पाच आठवडे ती असे थर्मास घेऊन जात होती आणि तो रिकामा असायचा. या काळात तिचे वजन उतरले. हळदीकुंकवाला जाणे तिने बंद केले. धाकट्या भाचीने शिकवणी सोडली, कारण तिथे कोणी विचारले तर काय सांगायचे.

मुलगा सुटून आल्यावर एके दिवशी समोरच्या काकू घरी आल्या. त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होते. त्यांच्या दिराच्या बाबतीत पूर्वी असेच झाले होते. त्यांनी एवढेच म्हटले, “तू सांगत नव्हतीस, म्हणून मी विचारलं नाही. नाहीतर तुझ्याबरोबर आले असते.”

तेव्हा ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांना विनंती, निदान तीन माणसांना सांगा: कागदाची धावपळ करू शकेल असा एक, जामीन राहू शकेल असा एक, आणि घरातल्या बाईमाणसाबरोबर नुसते जाऊन बसेल असे एक. आणि ज्यांच्या शेजारी ही वेळ आली आहे त्यांनी ‘काय केलं हो त्याने?’ असे विचारू नये. ते कोर्ट पाहील. ‘भेटीला कोणत्या वारी जाता, मी येऊ का?’ असे विचारावे.

आमच्या भाच्याचा खटला अजून चालू आहे. तो प्रत्येक तारखेला दिवाळीपुऱ्याला जातो आणि वही त्याच्याजवळ असते. दुसरी एक कोरी वही आम्ही मंडळाच्या कचेरीतल्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर वरचे पाच प्रश्न लिहिले आहेत. कोणाला लागू नये हीच इच्छा. लागलीच तर रात्री-अपरात्री घेऊन जा, आणि आमचे दार ठोठवा.